ओवा

जांभळी नाक्यावरच्या आमच्या दुकानात
पुरुष येतात, गल्ल्यावर मला बघतात
आणि ओवा मागतात.
पन्नास ग्रॅम.
मग उगाच थोडी बडीशेप. मग घसा खाकरून
बरण्यांवरून नजर वरच्या फळीपर्यंत नेतात
आणि विचारतात, शेठ नाहीत का?

शेठ गेले त्याला चौथं वर्ष.
अरेरे, म्हणतात,
ओव्याचे पैसे ठेवून निघून जातात.
ठाण्यातल्या कितीतरी घरांत नको इतका ओवा साठला असेल
आणि तिथल्या बायकांना कोडं पडलं असेल
यांचं पोट सारखं का बिघडतं.

आता मीच ओळखते.
आवाज खाली गेला की मान वर करत नाही,
काट्याकडे बघत विचारते,
अश्वगंधा की मुसळी?
पितळी पारड्यात तेव्हा काहीतरी पडल्यासारखं वाटतं,
जीव असावा.

मुसळी महाग झालीय. कुहिलीच्या बिया
काळ्या, चकचकीत, पोत्यात हात घातला तर गार.
खाज शेंगेच्या लवेला असते, बीला नाही,
हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले.
गोखरू मात्र अजून चपलेत शिरतो.

घोडबंदरच्या टॉवरमधला एक मुलगा, तिशीतला,
मोबाईलवर डबीचा फोटो दाखवतो. डबीवर सिंह.
हेच सुटं मिळेल?
सोबत रिपोर्ट. टेस्टोस्टेरॉनच्या आकड्याभोवती
त्यानेच पेनाने गोल काढलेला,
नापास झालेल्या विषयाला काढतात तसा.
झोपतोस किती रे?
चार तास. रात्री अमेरिकेचं काम असतं.
लग्न?
मार्चमध्ये.
मी पुडी बांधली नाही. आधी हा कागद डॉक्टरला दाखव, म्हटलं,
आणि झोप. मुळीला आकडे वाचता येत नाहीत.
गिऱ्हाईक परत धाडलं म्हणून हरेश्वरनं
दिवसभर माझ्याशी धड बोलणं टाकलं.

चेंदणी कोळीवाड्यातले वैतीकाका तेवढे मोठ्यानं बोलतात.
शंभर ग्रॅम दे गो घोड्याची!
वास घेऊन बघतात, खरंच तबेल्याचा येतो.
घोडा म्हातारा झाला म्हणून
तबेल्याला काय कुलूप लावायचं?
शेजारच्या साबणवाल्यापर्यंत ऐकू जातं.
मग जाता जाता, एकदम हळू,
आणि तिच्यासाठी शतावरी.
दोन्ही एकाच पिशवीत घाल.

मोरेश्वर या बाबतीत देवमाणूस होता.
लाजलेल्या माणसाला स्टूल द्यायचा, पाणी द्यायचा,
आपल्या भावाचीच गोष्ट सांगतोय असं दाखवून
सगळं काढून घ्यायचा.
घरी आल्यावर मात्र जेवायचा आणि बातम्या बघायचा.

परवा दिवाळीची सफाई काढली.
वरच्या फळीवर, शिलाजिताच्या बरणीमागे,
एक पुडी.
त्याच्याच हातची, चौकोनी, दोऱ्याची दुहेरी गाठ.
गिऱ्हाइकाचं नाव लिहितात तिथे नुसतं 'मो.'
खाली, 'रात्री, कोमट दुधातून.'

वर्तमानपत्रावर तारीख होती.
त्याच साली गणपतीनंतर
मी माझी गादी खिडकीपाशी ओढली होती.
गुडघे दुखतात, वारा लागतो, असं काहीतरी
सांगितलं होतं मी.
त्यानं विचारलंही नव्हतं.
दूध तर रोज देत होते.
उभ्यानं प्यायचा, पेला विसळून पालथा घालायचा.

गाठ तशीच होती.
काट्यावर ठेवली. पन्नासची असणार,
एकेचाळीस भरली.
कागदाला बारीक भोकं, आतून भुगा गळत होता,
उरलेलं किड्यांनी वापरलं म्हणायचं.

सगळ्या ठाण्याला जो स्टूल देत होता
त्यानं कुणाच्या दुकानात जाऊन
ओवा मागायचा?

खालून हरेश्वर ओरडला, वहिनी, झालं का वर?
बरणी पुसली. पुडी तिच्यामागे सरकवली.
झालं, म्हटलं,
शिडी धर.